हीराकली काल्हेरला बसली तेव्हा

हत्तीचा ताप कसा मोजतात, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. ते शिकवलं यासीनमियाँ नावाच्या एका माहुताने, भिवंडीच्या गुरांच्या दवाखान्याच्या आवारात, आणि तेही चार माणसांसमोर माझी फजिती होऊ न देता.

मी गुरांची डॉक्टर. सरकारी कागदावर पशुधन विकास अधिकारी, गावच्या तोंडी ढोरांची डॉक्टरीण. वडील भिवंडीच्याच कोर्टात कारकून होते. मुलगी शिक्षिका होईल, फार तर बँकेत लागेल, असा त्यांचा हिशेब होता. मुलगी गमबूट घालून म्हशीच्या मागे उभी राहील, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आमच्या आळीतल्या बायका पहिली दोन वर्षं मला पाहून नाकाला पदर लावायच्या. पुढे त्यांच्याच दूधवाल्याची म्हैस मी वाचवली, तेव्हा पदर खाली आले.

भिवंडी म्हटलं की लोकांना लूम, म्हणजे यंत्रमाग, आठवतात. पण शिफ्ट संपवून बाहेर पडणाऱ्या हजारो माणसांना चहा लागतो, चहाला दूध लागतं, आणि दूध काही लूमवर निघत नाही. नारपोलीच्या आसपास तेव्हा लूमच्या खडखडाटाला लागूनच तबेले होते. ते तबेले आणि तालुक्यातली गावं मिळून माझी ड्युटी. माझ्या हाताखाली एक पट्टीबंधक होता, केणे. पट्टीबंधक म्हणजे जखमा बांधणारा. पण केणे जनावर धरायचा, औषध पाजायचा, मालकाला दम द्यायचा आणि वेळ पडली तर मलाही द्यायचा. तो जातीचा आगरी, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. त्याच्या बोलीत अहो-जाहो नव्हतंच. मला तो "बाय" म्हणायचा आणि एकेरीत बोलायचा, आणि तालुक्यात मला त्याच्याइतका मान दुसरं कुणी देत नव्हतं.

रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात दिघाशीला एका म्हशीचं रेडकू अडलं होतं. मी सायकलवरून उतरले, तर मालक माझ्या मागे रस्त्याकडे बघत राहिला.

"डॉक्टर कवा येनार?"

"मीच डॉक्टर."

"तू? म्हस हाय बाय ती, मांजर न्हाय."

मी बाही खांद्यापर्यंत दुमडली, साबण लावला आणि हात आत घातला. रेडकाचं डोकं मागे वळलेलं होतं. ते सरळ करायला पाऊण तास लागला. रेडकू बाहेर आलं तेव्हा मालक जमिनीवर बसून होता आणि त्याची बायको माझ्या हातावर कोमट पाणी ओतत होती. दिघाशीत पुन्हा कुणी मला मांजराची डॉक्टर समजलं नाही. हे मी फुशारकीने सांगते आहे, आणि ते का सांगते आहे हे पुढे कळेल. म्हशीच्या बाबतीत मला स्वतःबद्दल जरा जास्तच खात्री होती.

यासीनमियाँ पहिल्यांदा आला तो दिवाळीनंतरच्या थंडीत. बिहारकडचा, साठीचा, दाढी पांढरी आणि आवाज अगदी हळू. त्याच्यामागे हीराकली. हत्तीण चाळिशीची होती. त्याच्या बापाने तिला सांभाळलं होतं आणि बापामागून ती त्याच्याकडे आली होती. दर हिवाळ्यात तो तिला घेऊन नाशिकच्या रस्त्याने खाली यायचा, भिवंडी-ठाण्यात देवळांपुढे आणि दुकानांपुढे उभा राहायचा आणि होळीच्या आत परत फिरायचा. लूमवाल्यांचा हत्तीवर फार जीव. नवा लूम बसवला की हीराकलीचा पाय कारखान्याच्या उंबऱ्याला लागलाच पाहिजे, मग मालक हिंदू असो की मुसलमान.

त्या वर्षी तिचं नख तडकलं होतं आणि आत पू झाला होता. दवाखान्यात चार म्हशी आणि दहा माणसं आधीच होती. सगळ्यांनी म्हशी सोडून आमच्याभोवती कोंडाळं केलं. मी थर्मामीटर झटकला आणि म्हशीचा ताप जिथे बघतात तिथे निघाले.

"बिटिया," यासीनमियाँ हळूच म्हणाला, "उधर से मत. थोडा रुक जाओ. वो खुद देगी."

मी थांबले. पाचेक मिनिटांत हीराकलीने लिदीचे नारळाएवढे गोळे टाकले. त्याने एक ताजा गोळा उचलला, जरासा फोडला आणि माझ्यापुढे धरला. मी थर्मामीटर त्यात खोचला. पारा अठ्ठ्याण्णवच्या खालीच राहिला. म्हशीचा एकशे एक असतो, म्हणून मी कागदावर "अंग थंड" असं लिहायला घेतलं. तो पुन्हा हळूच म्हणाला, "इसका इतना ही रहता है." जमलेल्या लोकांना वाटलं, बाईंना सगळं ठाऊकच आहे. केण्याला मात्र कळलं होतं. तो दिवसभर माझ्याकडे बघून मिशीत हसत होता.

नख बरं व्हायला तीन आठवडे लागले. रोज सकाळी तिचा पाय औषधाच्या पाण्यात बुडवायचा आणि नंतर कानशीने नख घासायचं. त्या तीन आठवड्यांत मी हत्ती शिकले. पुस्तकं मागवली, पण पुस्तकांच्या आधी यासीनमियाँ सांगायचा आणि नंतर पुस्तक त्याला दुजोरा द्यायचं.

वाचकांपैकी बहुतेकांनी हत्ती लांबूनच पाहिलेला असतो, म्हणून थोडं सांगते. हत्ती टाचेवर चालत नाही. आतली हाडं बघितली तर तो चवड्यांवर उभा असतो आणि टाचेखाली चरबीची जाड गादी असते. म्हणून एवढं धूड मागून आलं तरी आवाज येत नाही. त्या गादीतून त्याला जमिनीतली थरथर समजते. लूमचा खाता, म्हणजे कारखाना, चालू असला की हीराकली गल्लीच्या तोंडाशीच थबकायची, ती बहुधा याचसाठी. हत्तीला घाम जवळजवळ येत नाही. उष्मा बाहेर टाकायला त्याला कान आहेत. कानामागे रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि कान हलवून तो रक्त थंड करतो. सोंडेत एकही हाड नाही. सोंडेने तो पाणी पीत नाही, ओढून घेतो आणि तोंडात सोडतो. दाढा झिजल्या की मागून नव्या पुढे सरकतात, जन्मात एकूण सहा संच. सहावा संच झिजला की चारा चावता येत नाही आणि म्हातारा हत्ती भरल्या रानात उपाशी मरतो. दिवसाचे सोळा-सतरा तास तो खातच असतो, कारण खाल्लेल्यातलं निम्मंही त्याला पचत नाही. एवढं मोठं पोट, पण घोड्यासारखं एकच जठर. गाय-म्हशीसारखा तो रवंथ करत नाही.

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा किती जणांना ऐकवलं असेल! शाळांतून मुलं हत्ती बघायला यायची, तर मी त्यांनाही प्रश्न विचारायची: "हत्ती रवंथ करतो का?" मुलं ओरडायची, "नाही!"

पुढे हीराकली दर हिवाळ्यात येऊ लागली. आली की आधी दवाखान्यात, मग बाजारात. मी तिची नखं बघायची, ती माझे खिसे. यासीनमियाँ चहा घ्यायचा आणि रानातल्या गोष्टी सांगायचा. कळपाची मालकीण म्हातारी हत्तीण असते. पाणी कुठे आहे हे तिच्या डोक्यात असतं आणि बाकीच्या बहिणी, मुली, नाती तिच्यामागे चालतात. नर वयात आले की कळपाबाहेर पडतात. बावीस महिन्यांनी पिल्लू होतं, तेव्हा मावश्या भोवती उभ्या राहतात. हे सगळं ऐकताना मी हीराकलीकडे बघायची. तिच्या कळपात एक म्हातारा माणूस आणि तिच्या पाठीवर टाकायची एक चादर, एवढंच होतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. त्या वर्षी यासीनमियाँ होळीला परत फिरलाच नाही. मुंबईकडे लग्नसराई होती, वरातीपुढे हत्ती हवा म्हणून त्याला लोकांनी ठेवून घेतलं. निघाला तो मेमध्ये. वैशाखात डांबरी रस्त्यावर अनवाणी माणूस चालू शकत नाही, तिथे ही चाळिशी ओलांडलेली हत्तीण ठाण्याहून चालत येत होती.

सकाळी सातच्या सुमाराला केणे घरी आला. सायकल भिंतीला न लावता तशीच टाकली.

"बाय, चल लवकर. हत्तीन बसलीय काल्हेरला. उठत न्हाय."

"बसलीय की पडलीय?"

"परलीय," तो म्हणाला.

ठाण्याच्या रस्त्यावरच्या काल्हेरला तेव्हा गोडाऊनं नुकतीच उभी राहू लागली होती. एका गोडाऊनच्या बाजूच्या मोकळ्या जागेत हीराकली उजव्या कुशीवर आडवी होती. डोळे अर्धवट मिटलेले, कान सुकलेल्या पानासारखा. पहाटे ती गुडघ्यांवर आली, मग कलंडली, असं लोकांनी सांगितलं. यासीनमियाँ तिथे नव्हता. तो पाण्याच्या टँकरसाठी नगरपालिकेकडे धावला होता.

खाली पडलेलं मोठं जनावर म्हणजे वेळेशी शर्यत असते. स्वतःच्याच वजनाखाली त्याचे स्नायू मरायला लागतात आणि खालचं फुफ्फुस दबतं. म्हशीला दोन दिवसही मिळतात, हत्तीला एक दिवससुद्धा मिळेलच असं नाही. अंधार पडायच्या आत ती उठली तर उठली, एवढं मला स्वच्छ दिसत होतं.

आणि मग मी जे केलं ते असं.

म्हैस खाली पडली की आम्ही आधी तिला छातीवर बसवतो. दोन्ही बाजूंनी पेंढ्याची पोती लावतो, म्हणजे कलंडत नाही. आडवी पडू दिली तर रवंथाचं पोट गॅसने फुगतं आणि जनावर तासाभरात जातं. हे मी शेकडो वेळा केलेलं होतं. हात मेंदूला विचारतच नव्हते. मी गोडाऊनच्या हमालांना हाक मारली.

"हिला छातीवर बसवा! दोर घ्या!"

तीस-चाळीस हमाल धावले. पेंढ्याची पोती कुठून आणणार? पण गोडाऊन कापडाच्या गाठींनी भरलेलं होतं. गोडाऊनचे मालक हमीदशेठ. मूळचे कोकणी मुसलमान, तीन पिढ्या भिवंडीत, नारपोलीला त्यांचे लूमही होते. ते दारात उभेच होते.

"शेठ, गाठी लागतील."

"लागतील तेवढ्या ने, बाय. विचारतेस काय?"

हैश्या करत हमालांनी तिला उठवून छातीवर आणली आणि दोन्ही बाजूंना गाठी रचल्या. ती बसली. दिसायलाही छान दिसत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या आवडल्या, हेही सांगून टाकते.

केणे तेवढा तिच्या तोंडाशी वाकून बघत होता. "बाय," तो म्हणाला, "ही तोंडानी दम घेतेय."

मी बघितलं. सोंड जमिनीवर सैल पडली होती. तोंड उघडं, आणि जीभ जांभळट व्हायला लागलेली. मला वाटलं, हृदय बंद पडतंय. मी इंजेक्शन भरायला घेतलं. तेवढ्यात टँकर आला आणि टँकरच्या पायरीवरून यासीनमियाँने उडी मारली. इतकी वर्षं त्याचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता.

"किसने बिठाया इसको?"

"मी," मी म्हणाले.

"सीना दब रहा है उसका! हटाओ ये गठरी! सुलाओ इसको!"

"आडवी झोपवली तर पोट फुगेल..."

"भैंस का फूलता है, बिटिया! ये जुगाली नहीं करती!"

जुगाली म्हणजे रवंथ. शाळेतल्या मुलांकडून जे मी ओरडून घेत होते, ते हा माणूस मला ओरडून सांगत होता. माझ्या कानशिलात कुणी मारली असती तर बरं वाटलं असतं. मीच पहिली गाठ ओढली. मग केण्याने, मग सगळ्यांनी. हीराकली हळूहळू डाव्या कुशीवर कलली, पाय पसरले आणि छातीचा एवढा मोठा भाता एकदा वर आला, खाली गेला. मी घड्याळ लावून श्वास मोजले. दहा मिनिटांनी जीभ पुन्हा गुलाबी दिसायला लागली.

आपल्या छातीत फुफ्फुस आणि बरगड्या यांच्यात थोडी मोकळी फट असते. हत्तीमध्ये ती फट नसते. फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेलंच असतं. श्वास घ्यायचा तर छातीची भिंत आणि पोटाचा पडदा, दोन्ही हलले पाहिजेत. छातीवर बसवून ठेवला की स्वतःच्याच वजनाने हत्ती गुदमरतो. हे मी नंतर वाचलं. यासीनमियाँने ते वाचलेलं नव्हतं, पण त्याने चाळीस वर्षं हत्ती झोपताना पाहिला होता, आणि हत्ती कधी छातीवर झोपत नाही.

त्याने मला दोष दिला नाही. "अब क्या करना है, बोलो," एवढंच म्हणाला. मी तिथून पळून जावं असं एक क्षण वाटलं होतं, ते त्या वाक्याने राहून गेलं.

मग आम्ही कामाला लागलो. सलाइन कानामागच्या शिरेतून लावलं. दवाखान्यातल्या सगळ्या बाटल्या संपल्या, तेव्हा केणे सायकलवर जाऊन गावातल्या माणसांच्या डॉक्टरांकडून आणखी घेऊन आला. त्यातल्या एकाने विचारलं, पेशंटचं वजन किती. केणे म्हणाला, "तुजा न माजा मिलून धर, न त्याच्यावर गाव धर." हमीदशेठनी मांजरपाटाचे तागे सोडले. ते भिजवून तिच्या अंगावर आणि कानांवर घातले, सुकले की पुन्हा भिजवले. नारपोलीहून रात्रपाळी करून परतलेले लूमवाले झोप सोडून आले आणि बांबू रोवून वर कापडाचीच सावली केली. मिठा-गुळाचं पाणी बादलीत कालवून सोंडेपाशी ठेवलं. ती हुंगायचीसुद्धा नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला सोंडेचं टोक हललं. ते बादलीत गेलं, पाणी ओढलं गेल्याचा आवाज आला, आणि आडव्या आडव्याच तिने सोंड वळवून तोंडात सोडलं. अर्धं सांडलं, अर्धं पोटात गेलं. यासीनमियाँ तिच्या कपाळाला कपाळ टेकून बसला होता. तो उठला नाही, फक्त बोट वर करून मला खूण केली: एक बादली. मग दुसरी. मग सातवी.

आता तिला उभं करायचं होतं. ट्रक ओढायची क्रेन रस्त्यावर मिळाली, पण दोर लावला तर कातडी कापली जाते. हमीदशेठ म्हणाले, "दोर कशाला? मांजरपाट हाय ना." ताग्यांच्या पंधरा-वीस घड्या एकावर एक घालून हातभर रुंद पट्टा केला. तो पुढच्या पायांमागून छातीखाली घालायला माती उकरावी लागली. यासीनमियाँने मग मला विचारलं, विचारायची काही गरज नसताना, "बिटिया, गठरी पीठ के पीछे लगा दें?" रानातला हत्ती झोपायला उतार शोधतो, म्हणजे उठताना कमी जोर लागतो, असं त्याने पूर्वी सांगितलं होतं. सकाळी तिचा जीव घ्यायला निघालेल्या त्याच गाठी आम्ही पाठीमागे कोंबून उतार केला. छातीवर तिला यावंच लागणार होतं, पण फक्त वाटेवर, थांबायला नाही. श्वास मोजायला मी तिच्या तोंडापाशी बसले. तीस मोजेपर्यंत उठली नाही तर पुन्हा आडवी, असं ठरवलं.

पहिल्या वेळी पट्टा सरकला. मी वीसवरच थांबवलं. तिला पुन्हा आडवी केली आणि अर्धा तास नुसती श्वास घेऊ दिली. सूर्य खाडीकडे उतरला होता.

दुसऱ्या वेळी क्रेनवाल्याने अगदी सावकाश ओढलं. हमालांनी पाठीला खांदे दिले. ती छातीवर आली. मी मोजायला लागले. आठ, नऊ, दहा. यासीनमियाँ तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला आणि माहूत उठवताना म्हणतात तो शब्द म्हणाला, "मैल! मैल, बेटी!" चौदा, पंधरा. पुढचा एक पाय सरळ झाला. मग दुसरा. मागचं धड एकदम वर आलं, गाठी गडगडल्या, हमाल बाजूला पळाले, आणि हीराकली उभी राहिली. चारही पाय लटपटत होते. तिने भलीमोठी लघवी केली. मूत्रपिंडं चालू आहेत याचा तो पुरावा, आणि एवढा सुंदर पुरावा मी आयुष्यात पाहिला नाही. मी सगळ्यांसमोर रडले. केणेही रडत होता, पण तो म्हणाला धूळ गेली.

हमीदशेठ पट्ट्याचं कापड बोटांनी चाचपून बघत होते. "मुंबईचे व्यापारी म्हनतात, भिवंडीचा कपडा कच्चा हाय," ते म्हणाले. "बोलवा त्यांना. हत्ती उचललाय म्हनावं."

गर्दी पांगल्यावर मी यासीनमियाँकडे गेले. "सकाळी गलती मेरी थी," मी म्हणाले.

"हमारी भी," तो म्हणाला. "मई में सडक पर हम लाए."

मी त्याला तेव्हा जे झापलं ते इथे लिहीत नाही. पाऊस पडेपर्यंत हलायचं नाही असं बजावलं. हमीदशेठच्या खाडीकाठच्या वाडीत ती महिनाभर चिखलात लोळली, अंगावर माती उडवली आणि केळीची अर्धी बाग खाल्ली. हत्तीण म्हणून ती तेवढा एक महिनाच जगली असेल. पाऊस लागल्यावर दोघं नाशिकच्या रस्त्याने गेली. आणखी दोन हिवाळे आली, मग आली नाहीत. मला आजही रुखरुख आहे. मी तिला उभी केली ती पुन्हा त्याच डांबरावर चालण्यासाठी. तिच्या मावश्या, तिचं रान, यातलं मी तिला काही देऊ शकले नाही.

पण मला त्याहून आधीची एक गोष्ट सांगायची आहे. हीराकली उभी राहिल्यावर आठवड्याभरात वरिष्ठांनी अहवाल मागवला. जिल्ह्याच्या मासिक बैठकीत माझं कौतुक होणार होतं, प्रशस्तिपत्राचा मसुदा तयार होता. मी अहवालात लिहिलं: "हत्तिणीस श्वसनाचा त्रास होऊ लागल्याने तिला कुशीवर घेण्यात आले." खोटं त्यात काही नव्हतं. त्रास का होऊ लागला, कुणामुळे, एवढंच नव्हतं. केण्याला वाचून दाखवलं.

"झकास हाय," तो म्हणाला. "पन बाय, दुसरीकडं कुठं हत्ती परला, तर तिथला डॉक्टर काय करील?"

काय करील? म्हशीचाच डॉक्टर तो. माझ्यासारखाच शिकलेला, माझ्यासारखाच हात बसलेला. तो पोती मागवेल.

बैठकीत साहेब कौतुकाचं बोलत होते, तेव्हा मी उभी राहिले आणि सकाळची सगळी हकीकत सांगितली. किती मिनिटं ती छातीवर होती, जीभ कशी दिसत होती, मी काय बोलले आणि माहूत काय बोलला. साहेब खाली वाकून पुटपुटले, "मॅडम, तुमचं कौतुक चाललंय, मध्येच हे काय?" मी म्हणाले, "कौतुक राहू द्या, परिपत्रक काढा." मी ते तिथेच लिहून दिलं. हत्ती खाली पडल्यास म्हशीप्रमाणे छातीवर बसवून ठेवू नये. कुशीवरच ठेवावा. भिवंडी येथे महिला पशुवैद्यकाकडून ही चूक झाली असून हत्तीण थोडक्यात वाचली. नाव घालू का, असं साहेबांनी विचारलं. मी घाला म्हणाले, त्यांनी घातलं नाही. परिपत्रक राज्यभर गेलं. प्रशस्तिपत्र मात्र आलं नाही, आणि पुढे माझी बढती दोन वर्षं रेंगाळली, त्याचं कारण कुणी सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला पुण्याला एका प्रशिक्षणाला गेले होते. दुपारच्या जेवणाला माझ्या शेजारी एक तरुण डॉक्टर बसला होता. विदर्भातल्या कुठल्याशा तालुक्याचा, नोकरीला जेमतेम तीन वर्षं झालेली. त्याच्या गावी सर्कस आली होती आणि सर्कशीतली हत्तीण पडली होती, ते तो पलीकडच्याला रंगवून सांगत होता.

"मी तर पोती मागवली होती," तो म्हणाला. "दोर बांधून झाले होते. तेवढ्यात आमचा पट्टीबंधक म्हणाला, सर, कपाटाच्या दारावर हत्तीचा एक जुना कागद आहे, तो बघा आधी. धावत जाऊन फाडून आणला त्याने. भिवंडीला कुणी बाई होत्या म्हणे, त्यांनी हत्तीला म्हशीसारखं बसवलं होतं. कागदावर नाव नव्हतं. लाज वाटली असेल बिचारीला."

"तुमची हत्तीण?" मी विचारलं.

"उठली की! दुसऱ्या दिवशी चालत गेली."

मी हातातला घास ताटात ठेवला, पदराला हात पुसला आणि सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "ती बाई मी."